माझे वक्तृत्व आणि आमचा माग

सन्माननीय अध्यक्ष महाशय, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! एवढे वाक्य मला झोपेतून उठवले तरी बिनचूक म्हणता येते. पंचाईत होते ती त्यापुढच्या वाक्याची. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी व्यासपीठावर चढलो, हे वाक्य खणखणीत म्हटले आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. सेकंदकाट्याने एक फेरी पुरी केली. मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली, तिला सर्वांनी साथ दिली, आणि मी खाली उतरलो.

शाळेत असे कधी झाले नव्हते. मराठी शाळेत गुरुजी भाषण लिहून देत, आम्ही ते पाठ करत असू आणि ठरल्या ठिकाणी हात वर नेत असू. विषय टिळकांचा असो की वृक्षारोपणाचा, हात वर जाण्याची जागा एकच. कॉलेजात लिहून देणारे कोणी उरले नाही आणि शिकवणे सारे इंग्रजीतून. घरी मराठी, गल्लीत कन्नड, वर्गात इंग्रजी. तोंड उघडले की आधी कोणत्या भाषेने बाहेर यावे यावरून आतल्या आत भांडण जुंपायचे, आणि तोंड तसेच मिटायचे.

तेव्हा सुधारायचे ठरवले. आमचे घर वडगावात. पुढच्या सोप्यात तेव्हा दोन यंत्रमाग होते. ते चालू असले की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. म्हणजे सरावाला याहून निर्धास्त जागा नाही! कांड्या भरता भरता मी रोज तासभर भाषण ठोकू लागलो. आई एकदा स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. तिला वाटले, माझा हात मागात सापडला. पण सराव फळाला आला. दुसऱ्या वर्षीच्या स्पर्धेत मी पाच मिनिटे कुठेही न अडखळता बोललो. निकालाच्या वेळी परीक्षक म्हणाले, "आवाज उत्तम. परंतु आपण कोणाशी भांडत होतात, ते शेवटपर्यंत कळले नाही."

मग मोबाईलवर प्राचार्य शिवाजीराव भोसले यांची व्याख्याने ऐकली. हाती कागद नाही, घाई नाही, आणि वाक्य कुठे संपणार हे त्याला सुरुवातीपासूनच ठाऊक असल्यासारखे. ऐकून हुरूप यायचा तो उलट गेला. थोडा दिलासा मिळाला तो गांधीजींच्या आत्मकथेत. विलायतेत शिकत असताना त्यांनी शाकाहारी मंडळींपुढे वाचायला भाषण लिहून नेले आणि उभे राहिल्यावर त्यांना ते वाचता येईना; दुसऱ्याने वाचून दाखवले. हेच गृहस्थ पुढे डिसेंबर 1924 मध्ये आमच्या बेळगावात काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून जाताना मला हटकून त्या न वाचलेल्या कागदाची आठवण होते.

यंदा आमच्या अकौंटन्सीच्या सरांनी सेमिनारला मला विषय दिला तो घसारा. "भाषण करू नकोस, नुसते समजावून सांग. आकडे फळ्यावर लिही, बोलणे तुला येते त्या भाषेत चालेल," असे म्हणाले. घसाऱ्याला कन्नडात सवकळी म्हणतात. मराठीत घासणे, कन्नडात झिजणे. यंत्राच्या नशिबी दोन्ही भाषांत एकच. उदाहरण शोधायला लांब जावे लागले नाही. मी चौथीत असताना बाबांनी एक माग 40,000 रुपयांना घेतला होता. तोच फळ्यावर मांडला. घटत्या शिलकीची पद्धत, दर 15 टक्के. पहिल्या वर्षी 6,000 रुपये वजा, राहिले 34,000. दुसऱ्या वर्षी 34,000 वर 5,100. दरसाल वजावट कमी कमी होत जाते आणि किंमत कधीच शून्यावर येत नाही. दहा वर्षांनी उरतात सुमारे 7,875 रुपये. बंधुभगिनी वगैरे काही म्हणायचे राहूनच गेले होते, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

पुढची पायरी मालमत्तेच्या विक्रीची. गेल्या पावसाळ्यात हा माग भंगारवाल्याने वजनावर नेला. दिले 18,000. पुस्तकी किंमत 7,875, म्हणजे विक्रीवर नफा 10,125 रुपये. तो नफातोट्याच्या पत्रकात जमेच्या बाजूला लिहायचा. मी तसे लिहिले आणि खडू हातात धरून थांबलो. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवले नव्हते. ते मी वर्गाला सांगितले. माझा आवाज फुटला, पण ती पहिल्या वर्षाची भीती नव्हती.

शेजारच्या बाकावर माझा बैलहोंगलचा मित्र बसतो. त्याने विचारले, "हंगाद्र मग्ग याक मारिद्रि?" मग माग विकलात का? मी कन्नडातच सांगू लागलो. सुताचा भाव वर चढला, साडीचा भाव होता तिथेच राहिला, व्यापारी माल उचलेनात, आणि दोन माग चालवायचे तर बाबांना रात्रीही झोप नाही. मध्येच मराठीत कधी आलो आणि पुन्हा कन्नडात कधी गेलो, हे मला सांगता येणार नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी सर काही बोलले नाहीत.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबा उरल्या मागावर होते. मी सगळी हकीगत सांगितली. त्यांनी माग बंद केला.

"कितीला गेला ते पण सांगितलास काय?"

"हो."

"आणि जेवलो नाही ते?"

मी मान हलवली.

"तेवढं सांगायचं नव्हतं," बाबा म्हणाले. धोट्यातली कांडी बदलली आणि माग पुन्हा चालू केला. मी तिथेच उभा राहिलो. काही वेळाने मागावरची नजर न काढता त्यांनी विचारले, "पोरं काय म्हटली?"

माग चालू होता, त्यामुळे मला ओरडूनच सांगावे लागले.