तार एकेरी की बहुतारी?

स्पीकरपर्यंत जाणारी तार ही घरातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू असावी. यंत्राची किंमत माणसे आवर्जून सांगतात. तार मात्र बहुधा यंत्राच्या खोक्यातूनच आलेली असते आणि तिचा विचार तेथेच संपतो. सांगलीतील एका जुन्या वाड्यात याच तारेवरून दोन भावांमध्ये पंधरा दिवस मतभेद चालला.

त्याला कारण होते. सत्त्याऐंशी वर्षांच्या आईंचे खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचा पलंग मागच्या खोलीत हलविला होता. गाण्याचे यंत्र सोप्यात. जवळच्याच नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांची नाट्यपदे आईंनी आजवर सोप्यातील झोपाळ्यावर बसून ऐकली होती. आता ती त्यांच्यापर्यंत न्यायची, तर अठरा मीटर अंतर पार करणे आले. बिनतारी स्पीकर आणून पाहिला. वाड्याच्या दोन फुटी भिंतींपुढे तो मध्येच मुका होई.

थोरल्यांनी एका दुकानात बहुतारी, अतिशय महाग अशी खास केबल पाहून ठेवली होती. धाकट्यांनी माळ्यावरची अर्धा चौरस मिलिमीटरची जुनी तार काढली. थोरले दुखावले. "आप्पा, आईच्या बाबतीत तरी काटकसर नको," एवढेच ते म्हणाले. पण ते शब्द धाकट्यांना फार लागले. "दादा, मी पैसे वाचवत नाही, वाया जाऊ देत नाही," हे त्यांचे उत्तर. पैशाच्या अशा वादात माणसे तारेविषयी बोलत नसतात, हे दोघांनाही ठाऊक होते.

अखेर हिशेब मांडला गेला, तो धाकट्यांच्या विरुद्धही गेला. वीज जाऊन परत येते, म्हणजे अठरा मीटरचे छत्तीस मीटर झाले. त्या बारीक तारेचा रोध एवढ्या लांबीत सव्वा ओहमच्या पुढे जातो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा जवळजवळ सातवा हिस्सा झाला. शिवाय स्पीकरचा स्वतःचा रोध प्रत्येक स्वराला निराळा असल्यामुळे ही घट सर्वत्र सारखी पडत नाही. आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा तोल बदलतो. अडीच चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार घेतली तर तोच रोध पाव ओहमच्या आसपास राहतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही बाजारात असते. ती हातात हलकी लागते आणि तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो.

जाडी ठरली, राहिला प्रश्न एकेरी की बहुतारी. वरच्या पट्टीत वीज तारेच्या पृष्ठभागालगत वाहू लागते, म्हणून अनेक बारीक तारा बऱ्या, असे थोरल्यांना दुकानात सांगितले होते. पहिला भाग खरा आहे. वीस हजार हर्ट्झला तांब्यात ही खोली अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी भरते. परंतु एकमेकींना चिकटलेल्या उघड्या तारा विजेच्या दृष्टीने एकच जाड तार असतात. लाभ हवा तर प्रत्येक तारेवर वेगळे आवरण हवे. आणि मुळात त्या जुन्या ध्वनिमुद्रिकांत पाच हजार हर्ट्झच्या वर फारसे काही नाहीच. पाच हजारांना ती खोली जवळपास मिलिमीटरभर, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या एकेरी तारेची त्रिज्या त्याहून किंचित कमीच. कानाने निवड करावी असे येथे काही उरत नव्हते.

निवड केली ती वायरमनने, आणि ती जागेवरून. भिंतीतून जाणारी पंधरा मीटर तार एकदा बसली की हलायची नाही, तेथे एकेरी. ती पाइपात सरळ सरकते आणि स्क्रूखाली घट्ट बसते. घराच्या विजेच्या तारांपासून तिचा पाइप वेगळा ठेवला. पलंगापाशी मात्र रोज सकाळी सेविका आईंचा पलंग खिडकीकडे ओढते आणि सोबत स्पीकरही सरकतो. रोज वाकणारे तांबे कडक होत जाते आणि एके दिवशी आवरणाच्या आतच तुटते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून शेवटचे तीन मीटर बहुतारी घेतले. बहुतारीची टोके नुसती पिळून खोचली की एखादा केस सुटून शेजारच्या टोकाला टेकतो आणि यंत्र जळण्याची भीती असते, म्हणून त्यांना लग दाबून बसविले.

महाग केबल दुकानातच राहिली. थोरल्यांनी त्याबद्दल एकदाच विचारले, "काही कमी तर पडणार नाही ना रे?"

पहिल्या संध्याकाळी आईंनी पेटीचा सूर ओळखला, आणि आवाज थोडा कमी करायला सांगितला. भिंतीवरच्या जोडपेटीतील स्क्रू दर दिवाळीला आवळून पाहण्याचे काम आता धाकट्यांकडे आहे. थोरले तेव्हा टॉर्च धरतात.