तुरट

कसारा घाट चढून इगतपुरी आली की मुंबईचा घाम अंगावरच वाळतो. फेब्रुवारीत तर काच खाली करून बसावं. घोटीच्या आसपास भातखाचरांत नुसती धसकटं उरलेली असतात. नाशिक ओलांडून गंगापूर धरणाच्या दिशेला वळलं की तारांवर चढवलेल्या बागा सुरू होतात. या खेपेला द्वारकेच्या चौकात मामांना गाडीत घेतलं. निफाडकडचे मामा. चाळीस वर्षं द्राक्षं पिकवली, आता बाग मामेभाऊ बघतो. वाईनचा थेंब कधी तोंडात घेतलेला नाही. "नुसतं बघायला येतो," असं फोनवर म्हणाले होते. आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

आधी मिसळ. नाशकात या वाटेला लागून सकाळी मिसळ न खाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न बघणं. हल्ली ती शेतात मिळते. चुलीवरचा काळ्या मसाल्याचा रस्सा, मोड आलेली मटकी, पापड, दही, शेवटी गुळाची जिलेबी. दाराशी रंगवलेली बैलगाडी, तिच्यात बसून फोटो काढणारी पोरं. मामा गाडीची चाकं निरखत राहिले. "बैल जुंपण्यापेक्षा माणसं बसवलेली परवडतात," म्हणाले आणि तर्री मागवली.

मग वाईनरी. दगडी भिंत, काचेचं दार, आत भलीमोठी स्टीलची पिंपं आणि गारवा. महाराष्ट्रात हा उद्योग सुरू केला तो नारायणगावच्या शामराव चौगुल्यांनी, ऐंशीच्या दशकात. नाशकात तो रुजवला राजीव सामंतांनी. त्यांच्या सुलाची पहिली बाटली २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि फाट्याफाट्यावर पाट्या लागल्या. मामांना यातलं काही सांगायला गेलो तर ते पिंपाला हात लावून थंडावा बघत होते.

चव घ्यायच्या टेबलापाशी काळ्या एप्रनमधला एक पोरगा. ग्लास गोल फिरवायचा, हुंगायचा, घोट जिभेवर घोळवायचा, नको असेल तर या भांड्यात थुंकायचा. मामा दचकले. "वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड, ऑक्टोबरची फळ. वर डावणी, भुरी, अवकाळी. आणि हा म्हणतो थुंका!" ग्लास मात्र त्यांनी हातात घेतला. गाडी मला चालवायची होती, त्यामुळे भांड्याचा उपयोग मीच केला, तोही त्यांची नजर चुकवून.

पहिली पांढरी, शेनिन ब्लां. मामांचं मत: गोडसर, पाहुण्यांना चालेल. दुसरी सोव्हिन्यों ब्लां. पोरगा म्हणाला, हिच्यात पेरू आणि हिरवी मिरची सापडते. मामांनी ग्लास उजेडात धरून दोन्ही शोधली. तिसरी लाल, शिराज. इथे पोरगा अडखळला. पाठ केलेलं इंग्रजी संपलं. "म्हणजे सर, ते... तोंड कोरडं पडतं, हिरड्या आवळल्यासारख्या होतात, जीभ खरखरीत..."

"तुरट," मामा म्हणाले.

पोरगा बघतच राहिला. "हो सर. तुरट."

"सालीतून उतरलं असणार. आणि बियांतून."

तसंच असतं. पांढरीचा रस आधी पिळून घेतात, साल बाजूला. लालचा रस सालीबियांसकट आंबवतात, रंग आणि तुरटपणा तिथूनच येतो. हे तो सांगणार होता, त्याच्या आधी मामांनी सांगितलं. तिथून पुढे 'सर'चं 'काका' झालं. पोरगा दिंडोरी तालुक्यातलाच निघाला. बापाची थॉमसनची बाग.

मला त्या शब्दाची गंमत वाटत राहिली. आवळा, हिरडा, कच्चं केळं खाऊन वाढलेल्या माणसाला तुरट समजावून सांगावं लागत नाही. सहा रसांतला एक हक्काचा रस आहे तो. आंबवलेलं द्राक्षही आपल्याला नवं नाही. धायटीची फुलं घालून केलेलं द्राक्षासव आजीच्या फळीवर असायचंच, आणि त्याला कुणी दारू म्हटलं नाही. दारूचा सरकारी परवानासुद्धा आपल्याकडे 'आरोग्य राखण्यासाठी' मिळतो. मग जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने किराण्याच्या मोठ्या दुकानांत वाईन ठेवायला मंजुरी दिली तेव्हा एवढं रान का उठलं? द्राक्षासवालाही परवाना लावा म्हणावं.

बाहेर बागेत तोडणी चालली होती. मामा ओळीत शिरले. घड मुठीएवढे, मणी जांभळ्या वाटाण्याएवढे. "याची फुगवणच केली नाही," ते हळहळले. एक मणी तोडला, नखाने चिरला. आत दोन तपकिरी बिया. चावून बघितल्या, कडकन आवाज झाला. "बी पिकलंय. माल तयार आहे." मग थोडं थांबून, "बीचं द्राक्ष किती वर्षांनी खाल्लं. वडलांच्या वेळची भोकरी अशीच होती, बियांची."

जेवायला तिथेच थांबायचा विचार होता. यादीत पिझ्झा होता, पास्ता होता. भाकरी नव्हती. मामांनी एक लाल बाटली तेवढी विकत घेतली, किंमत वाचून. "सव्वा किलो माल जातो म्हणाला एकीत," असं दोनदा म्हणाले. पुढचा हिशेब मनात केला असावा, कारण दिंडोरी रस्त्याला लागेपर्यंत गप्प होते.

ढाब्यावर शेवभाजी आली. लालभडक तवंग, बाजूला बाजरीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा. मामांनी पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि घास तोंडात ठेवूनच म्हणाले, "याच्यावर ती तुरट पाहिजे होती रे. तेल कापलं असतं."

बाटली गाडीच्या डिकीत, त्यांच्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेली. त्यांनी गाडीकडे बघितलं. मग गल्ल्यामागच्या पाटीकडे: येथे मद्यपान करण्यास सक्त मनाई आहे.

"ए भाऊ," त्यांनी हाक मारली, "कांदा आण अजून एक."