खाडा

नामांकित हॉटेलात जेवायला जाण्यापूर्वी घरी थोडे खाऊन निघावे, असा माझा जुना सिद्धान्त आहे. पोट भरलेले असले की बिलाकडे तटस्थपणे पाहता येते. परंतु गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी आम्हां सर्वांना मुंबईला जेवायला न्यायचे ठरवले आणि हा सिद्धान्त मोडीत काढला. "बाबा, दहा पदार्थ येतात एकामागून एक. उपाशी चला," त्यांनी बजावले. एका माणसाच्या जेवणाचा आकडा ऐकून सौ.ने कानांवर हात ठेवले. सत्त्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईने मात्र एवढेच विचारले, "कुठं आहे ते?"

"लोअर परळला, आजी. जुन्या गिरणीत."

"मग येते," आई म्हणाली.

वाचकहो, करंजाड्यात आमचे बिऱ्हाड आले ते उतारवयात. त्यापूर्वीचे आयुष्य परळच्या चाळीतले. पूर्वी पनवेलहून परळ गाठायचे म्हणजे लोकलमध्ये अंग चेपून घेण्याची तयारी लागे. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, आणि आता चिर्ल्याजवळ पुलावर चढलेली गाडी सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून धावून थेट शिवडीला उतरते. वाटेत चिरंजीवांनी आम्हांला भोजनशास्त्राचे धडे दिले. मिशेलिन ही टायर विकणारी फ्रेंच कंपनी. मोटारवाल्यांनी खूप हिंडावे आणि टायर झिजवावेत म्हणून तिने १९०० साली एक मार्गदर्शिका काढली आणि पुढे १९२६ पासून उत्तम हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. २०१६ साली तर सिंगापुरात कोंबडी-भात विकणाऱ्या एका साध्या गाळ्यालाही तारा मिळाला.

"गाळ्यात शिजवणाऱ्याला?" आईने विचारले. मग बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती.

गिरण्यांच्या आवारांत आता नामांकित भोजनगृहे आहेत. कमला मिल्समध्ये २०१५ साली 'बॉम्बे कॅन्टीन' निघाले, महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिल्समध्ये २०१६ साली 'मास्क', आणि ह्या 'मास्क'चे नाव आशियातल्या पन्नास उत्तम भोजनगृहांच्या यादीतही झळकले. आम्ही गेलो त्याचे नाव सांगत नाही; जाहिरात केल्यासारखे व्हायचे. विटांची उंच भिंत तशीच ठेवली होती. आईने तिला हात लावून पाहिला.

पदार्थ येऊ लागले. परातीएवढी बशी, आणि मध्ये बोराएवढा पदार्थ! वाढणारा तरुण प्रत्येक वेळी त्या पदार्थाचे कूळ आणि गोत्र अदबीने सांगे. खोटे कशाला बोलू, चव अप्रतिम होती. परंतु माझे लक्ष पानावरून उडाले होते, कारण मला आमची खोली आठवत होती.

दहा बाय बाराच्या त्या खोलीत आई खानावळ चालवी. वीस मेंबर होते. कोणी कोकणातले, कोणी साताऱ्याकडचे, सगळे गिरणीतले. पाळ्या तीन, म्हणून पंगतीही तीन. भाकरी, कालवण, भात, आणि रविवारी मटण. जो जेवायला येणार नसेल त्याचा खाडा धरायचा आणि महिनाअखेर तेवढे पैसे वळते करायचे. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. वाण्याची उधारी फेडताना त्यांची मंगळसूत्रे गहाण पडत. ह्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. आमच्या आईलाही त्यातूनच मोठी पातेली घेता आली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांबाहेर पडले. मेंबरांच्या हाती पगार नव्हता, तरी आईची पंगत कित्येक महिने उठली नाही. पुढे एकेक जण गावी गेला. उधारीची वही आईने अजून ठेवली आहे. वसुलीसाठी नव्हे, नावांसाठी.

आणि मी? कॉलेजात कोणी विचारले तर मी सांगे, "आई घरीच असते." ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

दहावा पदार्थ संपल्यावर मुख्य आचारी टेबलाशी आला. तिशीतला पोरगा. आसपासच्या टेबलांवरून कौतुकाचे इंग्रजी शब्द बरसत होते. त्याने आईपुढे वाकून विचारले, "आजी, कसं वाटलं?"

"मीठ बरोबर होतं," आई म्हणाली. तिच्या कोशात ह्याहून मोठी पदवी नाही. मग ती म्हणाली, "बाळा, तू जेवलास का?"

पोरगा क्षणभर गोंधळला. "नाही आजी. सगळे गेले की. बारानंतर."

"माझंही तसंच व्हायचं," आई सहज म्हणाली. "दुसरी पाळी सुटून पंगत उठली की."

मी पाण्याचा पेला उचलला, पण घोट उतरेना. त्या खोलीत मी चोवीस वर्षे जेवलो. आईला जेवताना पाहिल्याचे मला आठवत नाही. वीस मेंबरांचे खाडे वहीत बिनचूक मांडलेले असत. आईचे किती खाडे झाले ते कोणी मांडले नाही. आणि तो प्रश्न विचारायला मला काही हॉटेल काढावे लागले नसते.

करंजाड्याला परतलो तेव्हा साडेबारा वाजले होते. दारातल्या पणत्या विझत आल्या होत्या. आई खुर्चीत टेकली. मी विचारले, "आई, तू जेवलीस का?"

"दहा पदार्थ झाले की रे," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "भात असता तर बरं झालं असतं."

सौ. उठू लागली. तिला मी बसवले आणि जन्मात पहिल्यांदा आईसाठी मुगाची खिचडी टाकली. ताट वाढून समोर बसलो. तिने दोन घास खाल्ले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली,

"मीठ कमी आहे."

पण ताट तिने स्वच्छ केले.