मधल्या फळीतला माणूस

चौसाळ्यात मी फुटबॉलची मॅच कधी पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे क्रिकेट, कबड्डी आणि यात्रेतल्या कुस्त्या. बीडहून सोलापूरकडे जाताना मांजरसुंब्याच्या पुढे हायवेवर आमचं गाव लागतं. बरेच लोक ते गाडीच्या काचेतूनच बघतात. तर अशा गावात, एका गच्चीवर, कानटोप्या घातलेली तीन माणसं मुंबई सिटीच्या मिडफिल्डवरून रोज भांडत होती. गोष्ट २०२०-२१ च्या हंगामाची. लिहीन लिहीन म्हणत राहून गेली, कारण ती फुटबॉलवर संपत नाही. असो.

तर झालं असं की कोरोनामुळे हापिसने घरून काम करायला सांगितलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तीन महिने भिंतींशी बोलून झाल्यावर जूनमध्ये ई-पास काढून मी गावी आलो. नेट फक्त गच्चीवर नीट यायचं, म्हणून हापिस गच्चीवर. संध्याकाळी काम संपलं की त्याच लॅपटॉपवर हॉटस्टार. त्या वर्षी आयएसएलच्या सगळ्या मॅचेस गोव्यात, तीन मैदानांवर, प्रेक्षकांशिवाय झाल्या. म्हणजे मुंबईतला माणूस आणि चौसाळ्यातला माणूस, दोघंही सारखेच लांब!

मुंबई सिटी कशी काय? खरं म्हणजे मी पुण्याच्या टीमचा. बालेवाडीला जाऊन घसा बसवलेला. पण २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडली आणि तिची जागा हैदराबादने घेतली. मग शेजारच्या घरी जेवायला गेल्यासारखा मी मुंबईकडे गेलो. माझ्या नादाने चुलतभाऊ (खताचं दुकान) आणि मास्तर (जिल्हा परिषदेची शाळा, तेव्हा बंद) हे दोघंही लागले. आणि खाटेवर तात्या, म्हणजे या चुलतभावाचे वडील. तात्यांना ऑफसाइड कळत नव्हतं, पण 'गाव सगळं कारखान्याला गेलंय, करमत नाही' म्हणून येऊन बसायचे. ऊसतोडीचा हंगाम आणि आयएसएलचा हंगाम तेव्हा साधारण एकच होता, दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत. हे कुठल्या समालोचकाने सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता भांडण काय होतं ते सांगतो. सर्जिओ लोबेरा हा कोच गोव्याहून मुंबईला आला आणि आपली माणसं घेऊन आला. मुर्तादा फॉल, ह्यूगो बुमू, मंदार राव देसाई आणि मोरोक्कोचा अहमद जाहू. जाहू मधल्या फळीत सगळ्यात मागे खेळायचा. बचावपटूंकडून बॉल घ्यायचा, इकडे द्यायचा, तिकडे द्यायचा, समोरच्याचा हल्ला सुरू होण्याआधीच मोडायचा. मग अधूनमधून चाळीस-पन्नास यार्डांचा तिरका पास, नेमका विंगरच्या पायात. गोल मात्र क्वचित.

नियम असा होता की मैदानावर एका वेळी पाचच परदेशी खेळाडू. मुंबईकडे परदेशी सात. अ‍ॅडम ले फॉन्ड्रे आणि ओगबेचे असे दोन तगडे स्ट्रायकर, पण बहुतेक वेळा त्यातला एक खेळायचा आणि दुसरा बाकावर. मास्तरांचा हिशोब सरळ होता. "रॉलिन बोर्जेस आपल्या गोव्याचा आहे, इंडियाला खेळलाय. त्याला मागं ठेवा, जाहूला बसवा, आणि दोन्ही स्ट्रायकर उतरवा. गोल न मारणाऱ्यावर परदेशी जागा कामून घालवायची?"

माझं म्हणणं, दोघं पुढे गेले तर त्यांच्यापर्यंत बॉल कोण नेणार? रॉलिन चांगलाच आहे, पण तो चांगला खेळतो कारण शेजारी जाहू आहे. चुलतभाऊ दोन्ही बाजूंनी बोलायचा. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक तोडत नाही.

पहिल्याच मॅचने मास्तरांच्या हातात कोलीत दिलं. २१ नोव्हेंबरला नॉर्थईस्टविरुद्ध जाहूने हाफटाइमच्या जरा आधी एक भलताच टॅकल केला आणि थेट लाल कार्ड. पुढे पेनल्टीवर गोल खाऊन आपण ०-१ हरलो. लाल कार्डामुळे पुढच्या मॅचला, म्हणजे गोव्याविरुद्ध, तो बाहेर. ती मॅच ले फॉन्ड्रेच्या अगदी शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर आपण १-० जिंकलो. मास्तर गच्चीवर अक्षरशः नाचले. "बघ, नव्हता तर जिंकलो!" मी म्हटलं, अरे, गोवा अर्ध्याहून जास्त वेळ दहाच जणांनिशी खेळत होती, तरी गोल यायला इंज्युरी टाइम लागला. पण जिंकलेल्या मॅचवर कोण ऐकतो!

मग जाहू परत आला आणि जानेवारी संपत येईपर्यंत आपण हरलोच नाही. मास्तर जरा गप्प झाले. ३० जानेवारीला, शनिवारी, परत नॉर्थईस्टनेच १-२ हरवलं आणि भांडण पुन्हा पहिल्या पानावर. त्या रात्री मी चांगलंच भाषण ठोकलं. गोल आणि असिस्ट मोजून माणूस कळत नाही, जो काम करतो त्याच्या कामाचा आकडाच नसतो, वगैरे वगैरे. रेआल माद्रिदचा दाखलाही दिला. २००३ मध्ये त्यांनी बेकहॅमला आणलं, माकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं, आणि त्या हंगामात लीगमध्ये चौथे आले.

तात्या मध्येच म्हणाले, "हे असलं मी केलंय एकदा."

तात्या पूर्वी मुकादम होते. त्यांच्या टोळीत एक वयस्कर जोडपं होतं. नवऱ्याची तोड कमी पडायची, म्हणून एका वर्षी तात्यांनी त्यांना उचल दिली नाही. त्यांच्या जागी तरणंताठं जोडपं घेतलं. "तोड वाढली की. पर ती म्हातारी मोळी अशी बांधायची, का डोक्यावर घिऊन फळीवरून ट्रकात चढताना वाढ्याचं पान हलायचं नाही. अन् बाकीच्या बायांच्या मोळ्या पन तीच बघायची, ढिली दिसली की पुन्हा बांधाय लावायची. ती नव्हती त्या साली मोळ्या फळीवरच सुटायच्या. गाडी भरायला निम्मी रात. गाडी उशिरा गेली की कारखान्यावर नंबर मागं. ऊस वाळला की वजन कमी."

"मग परत बोलावलं का त्यांना?" चुलतभावाने विचारलं.

"ती दुसऱ्या टोळीत गेली होती. मी दुसऱ्या बाईला ते काम सांगितलं, पर हंगाम निम्मा झाला होता तवर." तात्यांनी कानटोपी खाली ओढली. "काम सांगायला पायजे होतं आधीच. मला वाटलं, ते आपसूकच होतंय."

मी मास्तरांकडे 'बघ' अशा नजरेनं पाहिलं. माझा मुद्दा सिद्ध झाला होता ना!

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच गच्चीवर मी एक एक्सेल शीट भरली.

झालं होतं असं की कंपनीने प्रत्येक टीम लीडकडून एक नाव मागितलं होतं. माझ्या टीममध्ये नऊ जण. रकाने ठरलेले होते. किती टिकिटं बंद केली, किती कोड लिहिला, किती तास बिल झाले. एका माणसाचे आकडे सगळ्यात कमी. माझ्यापेक्षा वयाने मोठा, बोलायला कमी. दिवसातला अर्धा वेळ तो दुसऱ्यांचा कोड तपासण्यात घालवायचा. रिलीज असलं की रात्री दोनला कोणी न सांगता ऑनलाइन असायचा. नवी पोरं अडली की त्याला फोन करायची, कारण मला करायला घाबरायची. हे सगळं मला माहीत होतं. शीटमध्ये त्याला रकाना नव्हता. मी लिहिलं त्याचं नाव.

शीटने लिहिलं असं म्हणायचा मोह होतो, पण नाही. एक 'शेरा' म्हणून रकाना होता शेवटी. त्यात दोन ओळी लिहिता आल्या असत्या, वर फोन करून भांडता आलं असतं. आदल्या रात्री एका मोरोक्कोच्या माणसासाठी मी पाऊण तास घसा फोडला होता. इथे दोन ओळी नाही लिहिल्या. कारण लिहिल्या असत्या तर दुसरं नाव शोधावं लागलं असतं, आणि कोण जाणे, वरच्यांनी माझेही आकडे पाहिले असते. गच्चीवर बसून दुसऱ्याची टीम निवडायला काही पडत नाही हो.

१३ मार्चला फायनल झाली, फातोर्ड्याला, एटीके मोहन बागानशी. तोवर त्याचा शेवटचा दिवस होऊन गेला होता. ती फायनल पाहिलेल्यांना आठवेल, पहिला गोल आपण खाल्ला तो जाहूच्या पायातून बॉल हिसकावला गेल्यामुळे. मास्तर उठून उभे राहिले, तोंडातून शब्द फुटेना इतका आनंद (आपल्याच टीमने गोल खाल्ला तरी!). मग अकरा मिनिटांनी त्याच जाहूचा लांब पास अडवताना त्यांच्या तिरीने बॉल स्वतःच्याच जाळ्यात घातला. १-१. आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंग. लीग शील्ड आधीच मिळालेली, आता कपही. गच्चीवर जो दंगा झाला त्याने खालची म्हैस बिथरली. मी ओरडलो, पण मनातून नाही.

एप्रिलमध्ये आमचं एक रिलीज फसलं. रात्री साडेबारा ते पहाटे पाच, आठ जण कॉलवर, आणि कोणालाच कळेना की कुठली पायरी राहिली. शेवटी मी त्याला फोन केला. पहिल्या रिंगला नाही, दुसऱ्यांदा उचलला. झोपेतून उठून त्याने दहा मिनिटांत सांगितलं काय करायचं ते. वर "झालं की मेसेज करा, नाहीतर मला झोप लागणार नाही" असंही म्हणाला. त्याचं नाव मी दिलं होतं हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. अजूनही नाही. तो दुसरीकडे चांगल्या जागी आहे, असं मी स्वतःला सांगत असतो, आणि ते खरंही आहे. पण ते त्याचं कर्तृत्व, माझं नाही.

मास्तरांचा मात्र एक मुद्दा आज मला मान्य करावा लागतो. २०२३ मध्ये जाहू ओडिशाला गेला. आणि ४ मे २०२४ ला मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून पुन्हा कप जिंकला, जाहूशिवाय. मास्तरांचा फोन रात्रीच आला, "मी काय म्हणत होतो?" बरोबर आहे, कोणाशिवाय काही अडत नाही. पण मधली जागा रिकामी ठेवून नव्हती जिंकली. तिथे अपुइया होता, योएल व्हॅन निफ होता. माणूस गेला, पण त्याचं काम कोणाचं हे ठरलेलं होतं. तात्या म्हणत होते ते हेच. आणि मी चुकलो तेही इथेच. मी नुसता माणूस काढला नाही, त्याच्याबरोबर एक आख्खं काम काढून टाकलं, आणि ते आपसूक होत राहील असं धरून चाललो.

पुढे आणखी दोनदा तशी शीट आली. दोन्ही वेळा मी 'शेरा' भरला, प्रत्येकाच्या नावापुढे, 'हा नसेल तर कोणतं काम कोणाकडे जाईल'. एकदा उपयोग झाला, एकदा नाही झाला.

तात्या आता थकलेत. गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा गच्चीवर चढले नाहीत, खालूनच ओरडले, "तुझा तो मधला गडी खेळतोय का रं अजून?" मी म्हटलं, तो दुसऱ्या टोळीत गेला, तात्या.

तात्या म्हणाले, "मग त्याचं काम कोन करायलंय?"