वॉल उघडला का?

सेमिनारच्या विषयांच्या चिठ्ठ्या काढायची पद्धत ज्याने कोणी सुरू केली, त्याला माझा कोपरापासून नमस्कार! माझ्या शेजारणीला 'सोलर कुकर' आला. मागच्या बाकावरच्याला 'एअर कंडिशनिंग ऑफ थिएटर्स' आला (तो तसाही निम्मी लेक्चर्स थिएटरातच करतो). आणि मला आला 'मोटराइज्ड वॉल्व्हज इन होम सेंट्रल हीटिंग'. मी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि वर्गात एकच हशा.

"अगं, तासगावला हीटिंग कशाला? एप्रिलमध्ये पत्र्यावर पापड भाजतात तिथं!"

खोटं नव्हतं ते. आमच्याकडे उष्णता म्हणजे फुकटचा माल. द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकवर टाकली की पंधरा-वीस दिवसांत वारा आणि ऊन मिळून त्यांचा बेदाणा करून देतात. घर तापवायला कोणी पाईप टाकेल, ही कल्पनाच आमच्या गावात चेष्टेचा विषय व्हायची. त्या रात्री होस्टेलवर मी चिठ्ठी बदलून घ्यायचे तीन प्रयत्न केले. मेसमधली आठवडाभराची स्वीट डिश देऊ केली तरी कोणी तयार होईना!

मराठी विभागाच्या संपादिकेनं मला बजावलंय की 'वॉल्व्ह'ला 'झडप' लिही. मी कॉन्व्हेंटची, माझं मराठी तसंही तिच्या दृष्टीनं संशयास्पद. पण झडप म्हटलं की मला हार्ट आठवतं, नाहीतर मांजर. आमच्या बागेत त्याला 'वॉल' म्हणतात, फार तर 'कॉक'. 'कॉक फिरवून ये' म्हटलं की कामगड्यापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळतं. तेव्हा मी वॉलच लिहिणार.

तर वॉल. माझा आत्येभाऊ इंग्लंडात लीड्सला असतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, तुझ्या घरात मोटरचा वॉल आहे का?" तो म्हणाला, "असेल बाबा, मी कशाला बघतोय?" मग वहिनींनी जिन्याखालचं एक कपाट उघडलं. आत गरम पाण्याची उंच टाकी, वर वाळत घातलेले मोजे, आणि खाली तांब्याच्या पाईपवर बसवलेले दोन चंदेरी डबे, काडेपेटीच्या पुड्याएवढे. एक डबा खोल्यांतल्या रेडिएटर्सकडे जाणाऱ्या पाण्याचा, दुसरा या टाकीचा. बॉयलर एक, पंप एक आणि वाटा दोन. कुठली वाट कधी उघडायची ते हे डबे ठरवतात.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कारण आमच्या बागेतही हेच आहे! तळं एक, मोटर एक आणि चार प्लॉट. प्लॉटगणिक एक वॉल. तिथं गरम पाणी खोल्याखोल्यांत फिरतं, इथं गार पाणी वेलीवेलीला जातं, एवढाच काय तो फरक.

डब्याच्या आतली गंमत मात्र वेगळी आहे. खोलीतला थर्मोस्टॅट 'गारठलं' म्हणाला की डब्यातल्या चिमुकल्या मोटरला करंट मिळतो. ती दातेरी चाकांवरून वॉलचा दांडा फिरवते आणि फिरवताना एक स्प्रिंग ताणत जाते. वॉल पूर्ण उघडला की मोटर अडते, पण जळत नाही. एखाद्यानं दार ढकलून पाठ लावून उभं राहावं, तशी ती करंट असेपर्यंत अडून उभी राहते. तशी अडून राहता येईल अशीच ती बनवलेली असते आणि खाते पाच-सहा वॅट. खोली तापली, करंट बंद झाला की स्प्रिंग आपलं काम करते आणि वॉल मिटतो. म्हणजे उघडायला वीज लागते, मिटायला काहीच लागत नाही. लाईट गेली तर वॉल आपोआप बंद. (आमच्या तालुक्याला ही सोय फारच मानवली असती.)

हे सगळं पीपीटीत छान बसलं. शेवटच्या स्लाइडवर त्या डब्यातून निघणाऱ्या पाच वायरींचं चित्र होतं. ब्राऊनमधून मोटरला करंट, ब्लू न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. उरल्या दोन, ग्रे आणि ऑरेंज. सरांनी पेन खाली ठेवून विचारलं, "या दोन कशाला? मोटरचं काम तर तिघींत झालं."

मला उत्तर पाठ होतं. वॉल उघडत उघडत शेवटाला आला की आतलं एक टोक एका छोट्या स्विचला दाबतं. ग्रेमध्ये कायम करंट असतो, तो स्विच दाबला की ऑरेंजमध्ये येतो, आणि ऑरेंज वायर बॉयलरला आणि पंपाला चालू करते. म्हणजे थर्मोस्टॅट पंपाला थेट सांगतच नाही. तो वॉलला सांगतो, आणि वॉल स्वतः उघडल्यावर पंपाला म्हणतो, 'मी उघडलो, आता ये.'

एवढं बोलले आणि माझा घसा बसला. वर्गाला वाटलं ही घाबरली. मला तळ्यावरची डिसेंबरातली पहाट आठवली होती.

ते आता सांगते. घरी सगळ्यांना माहीत आहे, होस्टेलवर कोणालाच नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात आमच्या फीडरला थ्री फेज लाईट रात्री दहा ते सहा होती. आमची बाग थॉम्पसनची आणि थोडी तास-ए-गणेश. (तासगावच्या गणपतीचं नाव लावणारी ही जात थॉम्पसनमधूनच निवडून काढलेली आहे, हे आपल्या कॅन्टीनमध्ये द्राक्षांना नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं!) मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत वेलीला ताण बसूनही चालत नाही आणि एकदम जास्त पाजूनही चालत नाही, मणी तडकतात. म्हणून पपा रात्रीतून चारदा उठायचे. कानटोपी, काठी, बॅटरी. घोणस बांधावर असतेच. पहिल्या प्लॉटवरून दुसऱ्यावर पाणी घ्यायचं तर आधी दुसऱ्याचा कॉक उघडायचा, लॅटरलवर हात ठेवून पाणी आलं का बघायचं, आणि मगच पहिला मिटायचा. उलटं केलं तर मोटर चालू आणि सगळ्या वाटा बंद, असं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी जाहीर केलं, "पपा, आता तुम्ही उठायचं नाही."

"न्हाई व्हय? मग कोण उठणार, तू?"

"कोणीच नाही. बोर्ड उठणार."

प्रत्येक प्लॉटला सोलेनॉइड वॉल बसवले. हे लीड्सच्या डब्यापेक्षा हुशार असतात असं माझं तेव्हा मत होतं. यात दांडा फिरवणारी मोटरच नाही. आत एक रबराचा पडदा असतो. पाणीच एका बारीक भोकातून पडद्याच्या वर जाऊन त्याला खाली दाबून धरतं. चोवीस व्होल्टची कॉइल एक सुईएवढी वाट उघडते, वरचं पाणी पुढं निसटतं, दाब उतरतो आणि खालचं पाणी पडद्याला उचलतं. पाण्याच्या जोरावरच पाणी अडवायचं आणि पाण्याच्या जोरावरच सोडायचं. मी आर्डुइनोचा बोर्ड, रिले, ट्रान्सफॉर्मर सगळं एका डब्यात घालून स्टार्टरच्या शेजारी लटकवलं. पपांचा नियमही पाळला. दुसरा वॉल उघडल्यानंतर तीस सेकंदांनीच पहिला मिटायचा, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं. महिनाभर सगळं सुरळीत. पपा रात्रभर झोपायला लागले. गावातले दोघेतिघे बघून गेले. आजीनं बोर्डाला हळदकुंकू लावलं.

परीक्षा संपवून मी घरी आले त्याच आठवड्यात एका रात्री दुसऱ्या प्लॉटची वायर उंदरानं कुरतडली.

साडेबाराला बोर्डानं दुसऱ्या वॉलला 'उघड' म्हणून सांगितलं. तो उघडला नाही, कारण त्याला ऐकूच गेलं नाही. बोर्डानं इमानदारीत तीस सेकंद मोजले आणि पहिला वॉल मिटवला. साडेसातची मोटर चालू आणि पाण्याला वाट नाही. सेंट्रिफ्यूगल पंपाची डिलिव्हरी बंद केली की प्रेशर सगळ्यात जास्त चढतं, हे मी सेकंड इयरला ग्राफ काढून पास झालेय. फिल्टरच्या पुढचा जॉइंट निसटला. वाट मिळाली!

पहाटे पाचला पपा उठले ते सवयीनं. त्यांच्या हाकेनं मी बाहेर पळाले. धुक्यात मोटर आवाज करत होती आणि पाणी बांध फोडून शेजारच्या काकांच्या शाळूत शिरलं होतं. तळ्याच्या काळ्या कागदावर आदल्या दिवशीच्या पाण्याची रेघ वीतभर वर उघडी पडली होती. वीतभर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. तळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद. वीस सेंटिमीटर धरा. एक लाख ऐंशी हजार लिटर! दहा हजार लिटरचे अठरा टँकर. हे पाणी आम्हाला बाग उतरेपर्यंत पुरवायचं होतं.

पपा मोटर बंद करून फिल्टरच्या कट्ट्यावर बसले. मी तीस सेकंदांचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उघडला का नाही ते कुणी बघितलं?"

कोणीच नाही. मी उघड म्हणून सांगितलं होतं. उघडलं का, हे विचारायची सोयच माझ्या डब्यात नव्हती.

त्याहून लागलं ते आईचं बोलणं. चहा देता देता ती म्हणाली, "मला रात्रीच कसंतरी होत होतं. पण मशिनचं मला काय कळतंय म्हणून गप बसले." तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की इतकी वर्षं पपा उठायचे तेव्हा आईही जागी असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बॅटरी दिसायची. पहिल्या प्लॉटवर, मग दुसऱ्यावर, मग घराकडे वळलेली. घराकडे वळली की ती डोळे मिटायची. माझ्या बोर्डानं पपांची झोप वाचवली आणि तिची बॅटरी काढून घेतली. महिनाभर ती अंधाराकडे बघत पडलेली, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

शेजारच्या काकांकडे पपा स्वतः गेले, मला नेलं नाही. काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही.

त्या शाळूपासून त्या ऑरेंज वायरपर्यंत यायला मला दोन महिने लागले. सेमिनारला सतरा मार्क पडले, पंचवीसपैकी. सरांचा शेरा, 'प्रेझेंटेशन स्टॉप्ड अॅब्रप्टली.' असो.

पुढच्या शनिवारी एसटीनं तासगावला गेले ते चार प्रेशर स्विच पिशवीत घेऊनच. प्रत्येक वॉलच्या पुढं, सबमेनवर एकेक बसवला. मागं बसवून उपयोग नाही, तिथं वॉल बंद असला तरी प्रेशर असतंच. आता बोर्ड दुसऱ्या वॉलला उघड म्हणतो आणि थांबतो. पलीकडे पाणी पोचून प्रेशर आलं, स्विच दाबला गेला, तरच पहिला मिटतो. तीन मिनिटांत उत्तर आलं नाही तर मोटर बंद आणि पपांच्या मोबाईलला रिंग. पहिला वॉल तोवर उघडाच. चार थेंब जास्त पडले तर पडले.

पपांनी विचारलं, "आणि ह्यो स्विचच खोटं बोलला तर?"

प्रश्न बरोबर होता. लीड्सच्या डब्यांचं एक नेहमीचं दुखणं तेच आहे म्हणे. आतला छोटा स्विच चिकटून बसतो आणि वॉल मिटलेला असतानाही बॉयलरला 'उघडाय, उघडाय' म्हणून सांगत राहतो. घरातलं कोणी थंड रेडिएटरला हात लावतं तेव्हा कळतं. मी म्हटलं, "मोटर सुरू व्हायच्या आधी चारही स्विच बंद आहेत का ते बोर्ड तपासतो. एखादा आधीच दाबलेला असेल तर मोटर लागणारच नाही." पपांनी मान हलवली. त्यातून त्यांचं समाधान झालं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. पहिल्या रात्री एकदा ते उठून लॅटरलवर हात ठेवून आलेच.

प्रेशर स्विचच्या त्याच सिग्नलवर मी आणखी एक रिले टाकली आणि प्रत्येक प्लॉटच्या कडेच्या खांबावर एकेक छोटा एलईडी बल्ब लावला. पपा म्हणाले, "हे कशाला आणि? किडं येतील." मी काही बोलले नाही.

त्या रात्री मी आईजवळ झोपले. दहाला लाईट आली, मोटरची घरघर सुरू झाली आणि खिडकीतून पहिल्या खांबावरचा बल्ब दिसला. आम्ही दोघी काही न बोलता पडून होतो. साडेबाराच्या सुमारास अंधारात आणखी एक बल्ब लागला आणि क्षणभरानं पहिला विझला.

"दुसऱ्यावर गेलं गं पाणी," आई म्हणाली, आणि कुशीवर वळली.