घाटघरच्या कड्यावर

निसर्गशोभा पाहावयाची तर दूरदेशी गेले पाहिजे, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. आणि ती आम्हांस आमच्या विद्येनेच दिली होती. इंग्रजी काव्य शिकविण्यात आमची पंचवीस वर्षांवर हयात गेली. डोंगर, दऱ्या आणि सरोवरे ह्यांविषयी वर्गात आम्ही जितके बोललो, त्याच्या शतांशानेही ती प्रत्यक्ष पाहिली नव्हती. गतवर्षी मुन्नारास जाऊन चहाचे मळे पाहिले, तेव्हा आमच्या कुटुंबाने सहज विचारले, "अहो, इतक्या लांब आलो खरे, पण आपली प्रवरा कुठून निघते ते तरी तुम्ही पाहिलंय का?" प्रश्न साधा होता, पण आम्ही निरुत्तर झालो.

आमचा जन्म बेलापूरचा. घर प्रवरेच्या काठी. तेथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो वीसएक इंच. तेवढ्यावर बाजरी पिकते, ऊस पिकत नाही. ऊस पिकतो पाटाच्या पाण्यावर, आणि पाट वाहतो भंडारदऱ्याच्या धरणाच्या जिवावर. हे धरण १९१० साली बांधावयास घेतले ते १९२६ साली पुरे झाले, आणि तत्कालीन गव्हर्नर विल्सन ह्यांचे नाव त्यास मिळाले. ह्याच पाण्यावर हरिगावचा, आता बंद पडलेला, साखर कारखाना चालला; ह्याच पाण्यावर १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. आमच्या वडिलांचे चार एकरही त्यावरच भिजले, आणि त्या उसाच्या पैशातून आमची पदवी निघाली. पाटास पाणी सुटले की वडील ओसरीवरून मोठ्याने हाक देत, "आपलं पाणी आलं रे!" तो शब्द अजून आमच्या कानांत आहे.

आश्विनाच्या आरंभी आम्ही उभयता निघालो. संगमनेर, अकोले करीत राजूर मागे टाकले, आणि मुलुख पालटला. उसाच्या जागी भाताची खाचरे आली. माळांवर सोनकीची पिवळी फुले डोलत होती. धरणाच्या जलाशयाला वळसा घालून आम्ही घाटघरास पोचलो. गावापलीकडे थोडे चालले की जमीन एकाएकी संपते, तोच कोकणकडा. पायांखाली हजारावर फूट दरी, तिच्यात शहापूरकडील दाट रान, आणि त्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. उत्तरेस अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग. दक्षिणेच्या अंगाला रतनगड, ज्याच्या परिसरात प्रवरेचा उगम आहे. मुन्नारच्या मळ्यांचे विंचरलेले सौंदर्य येथे नव्हते. ते मळे तरी मूळचे रान तोडूनच लावलेले. येथे रान होते तसे उभे होते. आमच्या तोंडून दोन-चार इंग्रजी ओळी आपोआप बाहेर पडल्या.

कड्याजवळ एका म्हाताऱ्या गृहस्थांची चहाची खोपी होती. त्यांनी कोरा चहा पुढे केला आणि गाव विचारले. बेलापूर म्हणताच ते हसले.

"म्हंजे साखरंच्या मुलखातले. घ्या, साखर तुमच्याकडलीच हाय. पाणी मातुर आमचं."

"बाबा, तुमची शेती कुठे?" आमच्या कुटुंबाने विचारले.

त्यांनी जलाशयाच्या दिशेने हात केला. "आज्याची खाचरं त्या पाण्याखाली गेली. आता वर कडंला थोडी नागली व्हती."

घाटघर म्हणजे आमच्या जिल्ह्याचे चेरापुंजी. एखाद्या वर्षी पाऊस दोनशे इंचांच्याही वर जातो. तेथे २००८ साली अडीचशे मेगावॅटचा वीजप्रकल्प सुरू झाला. विजेला मागणी असते त्या वेळी पाणी कोकणात सोडतात, आणि मागणी उतरली की तेच पाणी यंत्राने पुन्हा कड्यावर चढवितात. ह्या युक्तीचे आम्ही कौतुक करू लागलो, तो बाबा शांतपणे म्हणाले, "व्हय, मशीन पाणी चढवतं. पर वैशाखात आमच्या पाड्यावर बायाच चढवत्यात, डोईवरनं."

ह्यावर काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर उत्तर देणे सोपे गेले असते. आम्ही पेला हाती घेऊन उभे राहिलो. ती दरी, ते दुर्ग, ते ढग सारे होते तसेच होते. परंतु आमची दृष्टी पुन्हा पुन्हा मागे, त्या शांत जलाशयाकडे वळत होती. खाली कोणाची खाचरे असतील, बांध कोठून कोठवर गेले असतील, ह्याचाच आम्ही अदमास घेत होतो. चहाचे पैसे देऊ केले तेव्हा बाबांनी ते मोजूनच घेतले, आणि वरचे परत केले.

बेलापुरास परतल्यावर काही दिवसांनी पाटास पाणी सुटले. शेजारच्या तरुणाने वडिलांच्याच रीतीने हाक दिली, "सर, आपलं पाणी आलं!" आम्ही बाहेर येऊन पाटाच्या कडेला बसलो आणि पाण्यात हात घातला. पाणी गढूळ होते आणि गार होते. "होय, आलं," एवढेच आम्ही म्हणालो. 'आपलं' हा शब्द त्या दिवशी जिभेवर आला नाही.