मंडईतली नजर

दिवाळी झाली की भंडाऱ्यात मंडया सुरू होतात. भाऊबीजेपासून आज या गावची, उद्या त्या गावची. दुपारी दंडार, पाळणे, दुकानं. रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक, ते पहाटेपर्यंत. घरोघरी पाहुणे. लग्नाला आलेली पोरंपोरी तर हमखास, कारण आमच्या झाडीपट्टीत मंडईतच सोयरिकी जुळतात.

लहानपणी लाखांदूरकडच्या मामाच्या गावी मंडईला जायचे ती उकडलेल्या शिंगाड्यांसाठी. काळी साल दातांनी फोडत ओट्यावर बसलं की बायकांचं बोलणं कानावर पडे, "तो पाय ना, निळ्या शर्टाचा. मास्तर लागला म्हन्ते." एक बोलली की दुसरी वळून पाही, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत तो पोरगा अख्ख्या ओट्याला देखणा वाटू लागे. मलाही. त्याचा चेहरा आज आठवत नाही, शर्ट आठवतो.

पुढे वाचनात आलं, की अमेरिकेतल्या ली डुगाटकिन यांनी १९९२ मध्ये गप्पी माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका मादीसोबत दिसलेला नर, ते पाहणाऱ्या दुसऱ्या मादीलाही जास्त पसंत पडतो. डासांसाठी हिवतापवाले आपल्याकडे पाण्यात सोडतात, तेच हे मासे. पण मासे जात पाहत नाहीत, धानाची शेती किती एकर हे विचारत नाहीत.

माझंही लग्न मंडईतच ठरलं. ह्यांना मी पसंत केलं हे खरं. पण त्याआधी मामीनं, आत्यानं, शेजारच्या काकूंनी केलं होतं. संसार सुखाचा झाला. तरी ती निवड किती माझी आणि किती ओट्याची, हे मला सांगता येत नाही.

मंडईला मी नावं ठेवणार नाही. पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालण्यापेक्षा हसताबोलता पोरगा चार हातांवरून पाहायला मिळणं केव्हाही चांगलं. खटकतं ते हे, की नजर जातीच्या कुंपणाआतच फिरते. कुंपणापलीकडचा पोरगा शेजारच्याच पाळण्यात बसलेला असतो, पण त्याच्याबद्दल ओट्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. आणि ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, तो पोरीला दिसतच नाही.

आता भाचीसाठी बायोडाटे व्हॉट्सअॅपवर येतात. तिनं फोटो उघडण्याआधीच खाली साऱ्या आत्या-मावश्यांचे अंगठे लागलेले असतात.

यंदा लेकीला घेऊन मंडईला जाल तर आयाबायांनो, एवढं करा. पोरगा दाखवा आणि गप्प राहा. कसा वाटला, ते आधी तिला बोलू द्या. तिनं कुंपणापलीकडचं नाव घेतलं, तर तेही नीट ऐकून घ्या.